वेलिमोआतली आबासाहेबांची जमीन

"मॅडम, बोट जरा सरळ चालवायला सांगा की त्याला," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पिशवीत तोंड घातलं.

समुद्र सपाट करून देणं दूतावासाच्या अखत्यारीत नव्हतं. पण मी तसं म्हटलं नाही, "आलंच आता," एवढंच म्हणाले. शेजारी त्यांचे स्वीय सहायक चोरघडे एक लांबलचक गुंडाळी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. साहेब पाण्यात पडले असते तरी चोरघड्यांनी आधी गुंडाळी सांभाळली असती. तो फ्लेक्स होता. त्यावर 'भारत-वेलिमोआ मैत्री सोहळा' असं लिहिलेलं होतं आणि खाली हात जोडलेल्या आबासाहेबांचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. वेलिमोआचा नकाशा एका कोपऱ्यात होता आणि तो दुसऱ्याच कुठल्या तरी देशाचा होता.

गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. पॅसिफिकमधल्या आपल्या एका लहानशा दूतावासात मी तेव्हा व्यापाराचं आणि व्हिसाचं काम बघत होते. आजूबाजूचे चिमुकले देशही आमच्याच पदरात टाकलेले होते. वेलिमोआ त्यातला सगळ्यात लहान. दिल्लीहून अधूनमधून फर्मान यायचं, छोट्या द्वीपराष्ट्रांशी राजनैतिक आणि आर्थिक संबंध दृढ करा. मग कुठलं तरी शिष्टमंडळ यायचं, कोट घालून घामाघूम व्हायचं, स्मृतिचिन्हांची देवाणघेवाण करायचं, शहाळी प्यायचं आणि संबंध दृढ करून निघून जायचं.

आबासाहेब ढमढेरे एका उद्योग-व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते. गावी दूध संघ, इंजिनिअरिंग कॉलेज, मंगल कार्यालयं, पेट्रोल पंप, आणि सोनवडीच्या शिवारात नजर पोचेल तिथपर्यंत जमीन. आता त्यांना वरच्या सभागृहात जायचं होतं. परिचयपत्रात थोडं परराष्ट्र असलं की वजन पडतं, असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं. अमेरिका-जपानला सगळेच जाऊन आलेले, म्हणून जिथे तालुक्यातलं कुणी म्हणजे कुणी गेलेलं नाही असा देश त्यांनी शोधून काढला. राजधानीत, म्हणजे एक बँक, एक चर्च आणि एक धक्का एवढ्या जागेत, खोबरेल तेलाच्या खरेदीचा करार आदल्या दिवशी झाला होता. करार बरा होता. तो मीच लिहिला होता. तेल ज्या गावातून येणार ते गाव बघायला आम्ही आता निघालो होतो. बघायला म्हणजे फोटो काढायला.

धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. सगळ्यांच्या पुढे लोसाबाई. बाई मी म्हणते, तिथे त्यांना नुसतंच लोसा म्हणत. गावच्या प्रमुख त्या, आणि तेल काढणाऱ्या बायकांच्या प्रमुखही त्याच. पाठीतून वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांच्या बाजूला गावच्या शाळेचा मास्तर इओने. त्याला इंग्रजी उत्तम यायचं. आबासाहेबांनी 'मी मातृभाषेतूनच बोलणार' असा बाणा आधीच जाहीर केला होता. दुसरी येत नव्हती, म्हणून बाणा. तेव्हा ते मराठीत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार आणि इओने ते गावाच्या भाषेत सांगणार, अशी व्यवस्था ठरली.

सभेआधी लोसाबाईंनी आम्हाला गाव दाखवलं. गोड्या पाण्याची विहीर खारी झाली होती. अळूचे कंद लावायचे मोठमोठे खड्डे होते, पिढ्यान् पिढ्या पालापाचोळा घालून केलेले. त्यांत समुद्राचं पाणी शिरून सगळं कुजलं होतं. सगळ्यात शेवटी त्यांनी आम्हाला किनाऱ्यालगतच्या कबरींकडे नेलं. निम्मी रांग लाटांनी खाल्ली होती. गेल्या उधाणात लोसाबाईंच्या नवऱ्याची हाडं वर आली होती. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी वेचून पुन्हा पुरली होती. हे त्या आम्हाला भाजीचा वाफा दाखवावा तितक्या सहज सांगत होत्या.

"शेजारच्या बेटानं निम्म्या घरांना जागा देऊ केली आहे," इओने त्यांचं बोलणं मला सांगत होता. "या नको म्हणाल्या. निम्मं गाव इथे आणि निम्मं तिथे झालं, तर मुलांची लग्नं कुणी लावायची आणि मेलेल्यांजवळ कुणी बसायचं, असं म्हणतात. सगळं गाव मावेल अशी जागा हवी आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या हे दाखवतात."

"काय म्हणती म्हातारी?" आबासाहेबांनी विचारलं. मी सांगितलं.

"मग मिठागरं काढा म्हणावं! फुकटचं मीठ!" ते हसले. ते हसले म्हणून चोरघडेही हसले.

मी इओनेला म्हटलं, "साहेबांना फार वाईट वाटलं म्हणतात."

कालपासून मी हेच करत होते. त्यांच्या तोंडून बाहेर पडणारं निवडून, पाखडून, त्यातला एखादा धड दाणा पुढे देत होते. पण हा माणूस आयुष्यभर सभा जिंकत आलेला. आपल्या विनोदावर हशा आला नाही हे त्यांच्या लक्षात येणारच.

"मॅडम, मिठाचं बोललो तर हा मास्तर हसला नाही," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "कालपासून बघतोय मी. मी एवढं लांबलचक बोलतो आणि तुम्ही दोन शब्दांत उरकता. आता सभेत माझं भाषण शब्दन् शब्द सांगायचं. एक अक्षर खाली पडता कामा नये. चोरघडे, लक्ष ठेवा."

"होय साहेब," चोरघडे म्हणाले. त्यांचं इंग्रजी थँक्यूपाशी सुरू होऊन थँक्यूपाशीच संपत होतं.

"सांगते," मी म्हटलं. "पण आबासाहेब, एक ऐका. त्या सभाघरात उभं राहून बोललेलं या लोकांत दिलेलं समजतात. कालचा करारसुद्धा यांच्या लेखी आज तिथे बोलून दाखवल्यावरच खरा होणार. तेव्हा जेवढं द्यायचं असेल तेवढंच बोला."

"भाषण मला शिकवताय होय?" त्यांनी कोटाचं बटण लावलं. "उभा जन्म त्यात गेला माझा."

सभाघर म्हणजे चारी बाजूंनी मोकळं, झावळ्यांनी शाकारलेलं उंच छप्पर. सगळे चटयांवर बसलेले, फक्त बोलणारा उभा. मधल्या दोन खांबांना चोरघड्यांनी फ्लेक्स बांधला, त्यामुळे मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना आबासाहेब दिसेनात, त्यांचा फोटोच दिसत राहिला. करार मी वाचून दाखवला. बायकांनी माना डोलावल्या. इथवर सगळं ठीक होतं.

मग आबासाहेब उठले. सुरुवात नेहमीची, प्राचीन संस्कृती, सागराचं नातं, वसुधैव कुटुंबकम्. मी शब्दन् शब्द सांगत होते, इओने सांगत होता, लोक शांतपणे ऐकत होते. टाळ्या पडत नव्हत्या. टाळ्यांशिवाय राहायची सवय नसलेल्या माणसाचं जे होतं ते त्यांचं व्हायला लागलं. आवाज चढला, हात वर गेला आणि ते थेट लोसाबाईंकडे बघून बोलायला लागले.

"माझ्या या माउलीनं मला आज तिचं दुःख दाखवलं. माउली, रडू नकोस!" लोसाबाई मुळीच रडत नव्हत्या. "समुद्र येऊ दे, नाहीतर आणखी काय येऊ दे. माझी सोनवडी ही तुमचीच सोनवडी आहे. माझं घर ते तुमचं घर, माझी जमीन ती तुमची जमीन! ज्या दिवशी हे बेट सोडायची वेळ येईल त्या दिवशी सगळ्या गावानं उठून यावं. हा आबासाहेब ढमढेरे दारात उभा असेल!"

चोरघड्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या.

आपल्याकडे असं कुणीही कुणालाही म्हणतं. जिन्यात भेटलेल्याला आपण 'या एकदा जेवायला' म्हणतो, आणि तो खरंच आला तर या विचारानं आपल्याच पोटात गोळा येतो. मी गाळू शकले असते. पण हुकूम होता शब्दन् शब्दाचा. आणि त्या माणसाचा मला इतका वीट आला होता की त्याची घाण आणखी झाकत बसायची इच्छाही उरली नव्हती. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

इओने माझ्याकडे वळला. हळू आवाजात त्यानं मला विचारलं, "सगळ्या गावानं? असंच म्हणाले?"

"असंच."

"त्यांच्याकडे जमीन किती आहे, विचाराल?"

मी विचारलं. आबासाहेबांची छाती फुगली. "सांगा त्याला, गच्चीवर उभं राहिलं की चारी दिशांना दिसेल तेवढी."

इओनेनं ते सगळं गावाला सांगितलं. एक म्हातारा तोंडावर हात धरून बसला. बायकांनी एकमेकींचे हात धरले. आणि आता लोसाबाई खरंच रडायला लागल्या. त्या उठल्या, आबासाहेबांपाशी आल्या आणि त्यांनी आपलं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवलं.

"बघितलंत?" आबासाहेब माझ्याकडे बघून म्हणाले. "काळजाला भिडलं की भाषा लागत नाही. चोरघडे, फोटो आला का?"

दुपारभर प्रश्न येत राहिले. गावातलं एकेक माणूस यायचं, खाली बसायचं, विचारायचं. तिथलं पाणी गोडं आहे का? "कॅनॉलचं आहे, बारमाही." मेलेल्यांना सगळ्यांना एका जागी ठेवता येईल का? "बिनधास्त!" समुद्र किती लांब? "सांगा, दिसणारसुद्धा नाही." या उत्तरानं लोक जरा खिन्न झाले, पण लोसाबाईंनी त्यांची समजूत काढली.

"आबासाहेब, हे लोक खरं धरून चाललेत," मी एकीकडे घेऊन सांगितलं.

"धरू द्या की. आपण काय इथं मुक्कामाला राहणार आहोत? उद्या सकाळी निघायचंय." त्यांनी शहाळ्याची नळी तोंडात धरली. "गरीब लोक हायत. तेवढंच बरं वाटतं त्यांना."

माणूस दगड असला तर एक वेळ समजतं. हा तर स्वतःला दयाळू समजत होता.

सकाळी धक्क्यावर आमची बोट तयार होती. तिच्याशेजारी लोसाबाई उभ्या होत्या, धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून. बरोबर गावातले दोन जाणते पुरुष. खांद्यावर गुंडाळलेली चटई. हातातल्या टोपलीत ओल्या सालीत बांधलेले अळूचे कोंब.

"ही कुठं निघाली?" आबासाहेबांनी विचारलं.

"सोनवडीला," मी म्हटलं. "जमीन बघायला. गावानं रात्रीतून यांना निवडलं. कोंब तिथल्या मातीत धरतात का ते बघून परत येतील, मग सगळे निघतील."

आबासाहेबांचा चेहरा बोटीत झाला होता तसा झाला. "अहो, असं कसं? सांगा की काहीतरी! व्हिसा लागतो म्हणावं."

"व्हिसा मीच देते, आबासाहेब. आजच देईन."

"मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या का त्यांच्या?"

"मी दुभाषी आहे. तुम्ही बोला, मी सांगते."

त्यांनी घाम पुसला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चोरघडे फ्लेक्सची घडी घालण्यात एकाएकी फार गुंतले होते.

"सांगा," आबासाहेब म्हणाले, "आमच्याकडं असं बोलायची रीत असते. पाहुण्यानं दोन गोड शब्द बोलावेत. ते काय कुणी असं धरून बसत नाही."

मी सांगितलं. इओनेनं ते पुढे सांगायला फार वेळ घेतला. दोघे पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. लोसाबाईंना काही ते समजलं नाही. त्यांच्या हिशेबात एवढा मोठा माणूस सगळ्या गावासमोर उभा राहून उगाच बोलेल हे बसतच नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे त्याच्याकडे जमीन नाहीच का?"

आबासाहेबांनी तो प्रश्न बुडत्यानं ओंडका धरावा तसा धरला. "हां! तेच सांगा. नाहीच्चे! सगळी ट्रस्टच्या नावावर, पुतण्यांच्या नावावर. माझ्या नावावर एक गुंठासुद्धा नाही, आईशप्पथ!"

आईच्या शपथेसकट मी सगळं सांगितलं. शब्दशः ते खरंही होतं. कमाल जमीनधारणेच्या कायद्यातून जमिनी वाचवायच्या तर त्या पुतण्यांच्याच नावावर ठेवतात.

मला वाटलं, आता म्हातारी थुंकेल. मी वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर थुंकावं अशीच माझी इच्छा होती. पण लोसाबाईंचा चेहरा विरघळला. त्यांनी टोपली खाली ठेवली, आबासाहेबांचा हात हातात घेतला आणि त्यावर थोपटत राहिल्या. मग मागे वळून त्या गावाशी बोलल्या. गावातून हळहळीचा एक सूर उमटला. बायका चुकचुकल्या.

"काय चाललंय?" आबासाहेबांनी घाबरून विचारलं.

इओने खाली बघत सांगू लागला. "लोसा म्हणते, जमीन नसणं ही लाजायची गोष्ट नाही. काल सगळ्यांनी विचारलं तेव्हा तुला लाज वाटली, म्हणून तू आहे म्हणालास. आमच्यातही पूर्वी असे लोक वाहत आले आहेत. आम्ही त्यांना हसलो नाही. तू आधीच सांगायचं होतंस."

आणि त्यांनी आबासाहेबांना हाताला धरून नेलं. सगळं गाव मागे. त्या बेटावर उंच म्हणावी अशी एकच जागा होती, आपल्याकडे तिला बांधही म्हटलं नसतं. तिथे नारळाची चार-दोन झाडं होती. लोसाबाईंनी पुरुषांना पांढरे दगड आणायला लावले आणि चारी कोपऱ्यांना ते स्वतः वाकून मांडले. मग आबासाहेबांना मधोमध उभं करून त्या बोलल्या.

"ही तुझी," इओनेनं सांगितलं. "बेट आहे तोवर तुझी. तू कधीही येऊन राहा. तुला विचारल्याशिवाय इथल्या नारळाला कुणी हात लावणार नाही."

मी हेही शब्दन् शब्द सांगितलं. बुडणाऱ्या गावानं आपली एकुलती एक कोरडी जागा त्या माणसाला दिली होती, त्याची कीव येऊन. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. मी आबासाहेबांकडे बघितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. चेहऱ्यावर सभेतलं तेज परत आलं होतं.

"चोरघडे," ते म्हणाले, "फ्लेक्स सोडा परत. इथं, मागं धरा. आणि ते दगड फोटोत घ्या."

पुढचं सगळं रीतसर झालं. 'वेलिमोआकडून आबासाहेबांना भूमिदान' अशी बातमी पानभर फोटोसकट छापून आली. सोनवडीत हत्तीवरून मिरवणूक निघाली. मंडळानं तेलाची एकच खेप उचलली, तिच्या बाटल्या दिवाळीला कार्यकर्त्यांना वाटल्या आणि करार विसरून गेलं. मी पत्रांवर पत्रं पाठवली, मग माझी बदली झाली. आबासाहेब वरच्या सभागृहात पोचले. तिथे द्वीपराष्ट्रांविषयी चर्चा निघाली की ते 'माझं तिथं घर आहे' असं म्हणतात, असं ऐकते.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी एका परिषदेत चहाच्या रांगेत इओने भेटला. केस पिकले होते. गाव शेवटी फुटलंच होतं. निम्मी घरं शेजारच्या बेटावर गेली, निम्मी मागे राहिली. मी लोसाबाईंचं विचारलं.

"गेली," तो म्हणाला. "गाव फुटायच्या आधीच गेली. बरं झालं."

"कुठे ठेवलंत त्यांना?"

"तिची इच्छा होती, वर ठेवावं. पाणी येणार नाही अशी तेवढी एकच जागा. पण मालकाला विचारल्याशिवाय कसं ठेवणार? मीच फोन लावत होतो तिकडे. तो चोरघडे उचलायचा. 'सर मीटिंग, थँक्यू,' एवढंच म्हणायचा. रोज लावला, रोज मीटिंग. मग थांबता येईना."

"म्हणजे...?"

"खालीच ठेवलं. नवऱ्याशेजारी. पुढच्या उधाणात दोघंही वाहून गेली."

चहा न घेताच मी रांगेतून बाजूला झाले.

"आणि वरची जागा?" मी विचारलं.

"रिकामी आहे," इओने म्हणाला. "मागे राहिलेले लोक तण काढून स्वच्छ ठेवतात. दिलेली आहे ना."